साथ आली आणि चर्च बंद झालं, तर समूह कसा सांभाळायचा

या वर्षी तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) समूहप्रमुख म्हणून तुमचं नाव वाचलं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आत्ता साथ नाही, म्हणूनच आत्ता वाचा. साथ आल्यावर वाचायला वेळ मिळत नाही.

मी वसईची. डिसेंबर २०१९ मध्ये आमच्या वाडीतल्या छोट्या ख्रिस्ती समूहाची जबाबदारी माझ्याकडे आली. अडतीस घरं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर जमायचं, बायबलमधला उतारा वाचायचा, त्यावर बोलायचं, प्रार्थना करायची, चहा घेऊन घरी जायचं. काम एवढंच असेल असं मला वाटलं होतं. तीन महिन्यांनी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू लागला आणि पाठोपाठ टाळेबंदी. झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, शुभ शुक्रवार, १२ एप्रिलचा पुनरुत्थान रविवार म्हणजे ईस्टर, सगळे सण घरातच गेले. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि घटस्थापनेला, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. म्हणजे दीड वर्षात चर्च जेमतेम साडेचार महिने उघडं होतं.

पहिल्या आठवड्यात आमचा सगळा जीव लाइव्ह मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या थेट प्रक्षेपणात, अडकला होता. कॅमेरा कुठे लावायचा, आवाज का येत नाही, कुणाला लिंक मिळाली नाही. मीही त्याच धावपळीत. बाराव्या दिवशी कळलं, की आमच्या दारापासून चाळीस पावलांवर राहणाऱ्या एका मावशींच्या बीपीच्या गोळ्या संपून चार दिवस झाले होते. मुलगा कुवेतला, घरात एकट्या, हातात बटणांचा फोन. "तुम्ही सगळी मिस्सेच्या गडबडीत होतात, म्हटलं कशाला त्रास द्या," असं त्या म्हणाल्या. ते वाक्य मी अजून विसरलेली नाही. या लेखातला क्रम मी त्यावरूनच लावला आहे: आधी घरं, मग उपासना.

पहिली पायरी: वही

शंभर पानी वही घ्या. फोनमध्ये यादी ठेवली तरी वही हवीच, कारण तुम्ही स्वतः आजारी पडलात तर ती दुसऱ्याच्या हाती देता आली पाहिजे. दर घराला एक पान. घरात कोण कोण आहे, वयं काय, एकटं कोण राहतं, रोजची औषधं कुणाला लागतात आणि ती कुठल्या दुकानातून येतात, स्मार्टफोन कुणाकडे आहे, गाडी चालवता कुणाला येते, बाहेरगावी किंवा परदेशी असलेल्या मुलाचा नंबर काय, घरात नर्स किंवा वॉर्डबॉय कुणी आहे का. आपल्या समाजात नर्स जवळपास प्रत्येक वाडीत सापडतात. साथीत त्यांचा सल्ला मोलाचा असतो आणि त्यांच्या घराला आधारही सगळ्यात जास्त लागतो, कारण त्या ड्युटीवर असताना मुलांकडे कोण पाहणार हा प्रश्न असतोच.

आता ज्या घरांची पानं राहून जातात, त्यांच्याबद्दल. भाडेकरू. नुकतेच राहायला आलेले, ज्यांचं धर्मग्रामाच्या रजिस्टरमध्ये अजून नाव नाही. भांडण होऊन चर्चला यायचे थांबलेले. मिश्र विवाह झालेलं घर, जिथे "त्यांना बोलवायचं की नाही" असा संकोच आपल्यालाच असतो. ही पानं आधी करा. रोज मिस्सेला येणाऱ्या घराची बातमी तुम्हाला आपोआप कळते. या घरांची कळत नाही.

वही भरायची उत्तम वेळ म्हणजे घरं आशीर्वादित करायला फादर येतात तेव्हा. तुम्ही सोबत असताच, लोक मोकळेपणाने बोलतात. आजारपणाची माहिती मात्र वहीबाहेर जाता कामा नये. कुणाला मधुमेह आहे, कुणाच्या डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, हे समूहाच्या व्हॉट्सॲपवर एकदा गेलं की त्या घराचं दार तुम्हाला कायमचं बंद.

दुसरी पायरी: पाच घरांमागे एक माणूस

अडतीस घरांना एकटीने फोन करणं जमत नाही, मी करून पाहिलंय. तिसऱ्या दिवशी घसा बसतो आणि सातव्या दिवशी आपण मेसेज पाठवायला लागतो. म्हणून पाच-पाच घरं वाटून द्या. आमच्याकडे त्यात दहावी झालेली दोन मुलंही होती आणि त्यांचं काम मोठ्यांपेक्षा चोख होतं.

नियम एकच: मेसेज नको, फोन करा. एकट्या माणसाला रोज, बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा. "सगळं ठीक ना?" असं विचारलं तर उत्तर "हो" असंच येतं. म्हणून "आज जेवायला काय केलं होतं?" असं विचारा. दोन दिवस लागोपाठ "चहा-बटर" ऐकू आलं, तर काय समजायचं ते समजतं. औषधं किती दिवसांची उरलीत, गॅस सिलिंडर कधी लावला, रात्री झोप लागते का. झोपेचा प्रश्न टाळू नका. माणूस "आता जगून काय करायचं" अशा बोलीवर आला, तर फोन ठेवू नका, घरातल्या दुसऱ्या माणसाला कळवा आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर द्या. तो विनामूल्य आहे. २०२० मध्ये तो नव्हता, ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

मुलगा परदेशात असलेल्या घरांसाठी एक जास्तीचं काम. त्या मुलालाही आठवड्यातून एक फोन करा. कुवेतला खोलीत अडकलेला तो मुलगा रडत होता, आणि "आईला मी आज पाहिलं, ओट्यावर मटार सोलत होती," एवढं सांगितल्यावर त्याचा आवाज बदलला.

तिसरी पायरी: कुणाचं ऐकायचं

साथीत बातम्यांचा पूर येतो आणि समूहप्रमुखाला दिवसातून वीस वेळा विचारलं जातं, "चर्च कधी उघडणार?" ८ जून २०२० ला हेच झालं. केंद्राने त्या तारखेपासून प्रार्थनास्थळं उघडायला मुभा दिली, टीव्हीवर पट्टी फिरली, आणि आमच्याकडे दोघेजण तयार होऊन चर्चच्या फाटकापर्यंत गेले. महाराष्ट्र सरकारने मात्र परवानगी दिली नव्हती. तेव्हा क्रम पाठ करून ठेवा. राज्य सरकार आणि महापालिकेचा आदेश, मग धर्मप्रांताचं, म्हणजे बिशपांचं, परिपत्रक, मग आपल्या प्रमुख धर्मगुरूंची सूचना. दोन आदेशांत फरक दिसला तर जो जास्त कडक तो पाळायचा. समूहाच्या व्हॉट्सॲपवर पोस्ट टाकायचा अधिकार फक्त दोघातिघांकडे ठेवा, आणि रोज ठरलेल्या वेळी एकच संदेश टाका.

"देवाच्या घराला कुलूप लावता, तुमची श्रद्धा कमी पडली," असंही कुणीतरी म्हणेल. अशा माणसावर चिडू नका. तो घाबरलेला असतो. त्याला सांगायला माझ्याकडे एक जुनी गोष्ट आहे. १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग आला, तेव्हा आर्चबिशप असलेल्या संत चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकात वेद्या उभारल्या, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा पाहता यावी. आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची काही वर्षं राहिला. वांद्र्यासारख्या भागांत गल्लीच्या तोंडाशी जे क्रूस दिसतात, त्यातले कित्येक त्या काळात उभारलेले आहेत. लोक आपल्या आळीतल्या क्रूसापाशी प्रार्थना करत. श्रद्धेने जागा बदलली होती, एवढंच.

आणि दुसरी बाजूही सांगा. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समधल्या म्युलूझ शहरात एका चर्चचा आठवडाभराचा प्रार्थना मेळावा झाला आणि तिथून आजार देशभर गेला. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यातले ५३ आजारी पडले, दोघे गेले. इटलीतल्या एकट्या बेर्गामो धर्मप्रांतात त्या वसंतात वीसहून जास्त धर्मगुरू दगावले. ही सगळी प्रार्थना करणारीच माणसं होती.

चौथी पायरी: घरातली उपासना

व्हॅटिकनने २५ मार्च २०२० च्या आदेशात स्पष्ट लिहिलं होतं, की प्रक्षेपण थेट असावं, आधी रेकॉर्ड केलेलं नको. कारण साधं आहे. थेट मिस्सेत त्या क्षणी वेदीपाशी जे चाललंय त्यात आपण मनाने सामील होतो. त्यामुळे "नंतर बघू, रेकॉर्डिंग आहेच," ही सवय समूहाला लागू देऊ नका. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. अंथरुणातून उठून, तोंड धुऊन, नीट कपडे करून बसायचं. उभं राहायच्या वेळी उभं राहायचं. लहान मुलं हे फार पटकन उचलतात, आणि मग मोठ्यांनाही उठावं लागतं. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, स्वीकारायच्या वेळी ते मनाने स्वीकारण्याची प्रार्थना म्हणायची. संत आल्फोन्सस लिगोरी यांची छोटी प्रार्थना बऱ्याच जणांना पाठ असते. नसेल त्या घरात कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी आम्ही वेगळा मार्ग काढला. संध्याकाळी सात वाजता प्रत्येकाने आपापल्या ओट्यावर यायचं आणि गल्लीच्या मधल्या घरातून एकाने मोठ्या आवाजात जपमाळ सुरू करायची. पहिल्या दिवशी "नमो मरिये" इकडून सुरू झाली ती तिकडच्या टोकाला पोचेपर्यंत दोन शब्दांचा फरक पडला. शेवटच्या घराचं "आमेन" आमच्या मागाहून यायचं, केळीच्या बागेपलीकडून. चार दिवसांत सूर जुळला. त्या मावशी बटणांचा फोन घरात ठेवून दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. लाइव्ह मिस्सेने जे साधलं नव्हतं ते या जपमाळेने साधलं, असं मी आजही म्हणेन.

झावळ्यांच्या रविवारी प्रत्येक घराने परसातल्या माडाची एक झावळी फाटकाला बांधली. पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी त्या वर्षी व्हॅटिकननेच वगळायला सांगितला होता, म्हणून तो घरीही विधी म्हणून करायचा आग्रह धरू नका. आईबापांनी प्रेमाने मुलांचे पाय धुतले तर ते सुंदरच आहे, पण तो घरचा भाग झाला.

पापनिवेदनाबद्दल, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याबद्दल, नवे समूहप्रमुख हमखास अडखळतात. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापनिवेदन होत नाही. पण "मग मी तसाच मेलो तर?" असं विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. २० मार्च २०२० ला रोमच्या प्रायश्चित्त न्यायपीठाने आठवण करून दिली होती, की धर्मगुरूंपर्यंत पोचणं शक्यच नसेल, तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून केलेला पश्चात्ताप, आणि शक्य होईल तेव्हा लगेच पापनिवेदन करण्याचा पक्का निश्चय, यांनी मोठ्या पापांचीही क्षमा मिळते. ही चर्चची जुनीच शिकवण आहे. आमच्याकडे हे कितीतरी जणांना पहिल्यांदाच कळलं.

पाचवी पायरी: पोट

काम कुणाचं बुडालंय ते शोधा. आमच्या भागात जाई-मोगऱ्याची फुलं आणि भाजी लोकलने मुंबईला जाते. मार्च २०२० च्या शेवटी लोकल बंद झाली आणि फुलं वेलीवरच सुकली. लग्नं पन्नास माणसांत व्हायला लागली, तसे बँडवाले, मंडपवाले, केटररकडे वाढपी म्हणून जाणारी मुलं, सगळ्यांचं बसलं. ही मागणारी माणसं नव्हेत. त्यांच्याकडे "मदत हवी का?" विचारलं की मान हलते, नाही म्हणून.

तेव्हा विचारायचं नाही, नेऊन ठेवायचं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची तुमच्या धर्मग्रामात शाखा असेल तर पहिलं तिच्याकडे जा. घरभेटींचा त्यांचा सराव मोठा असतो आणि कुणाच्या घरी काय दिलं ते त्यांच्या तोंडून बाहेर येत नाही. पिशवीत तांदूळ, डाळ, तेल, पीठ, कांदे-बटाटे आणि साबण हवाच, पण साखर-चहापत्ती विसरू नका. सॅनिटरी पॅड ठेवा, कारण ते कुणी मागत नाही. पिशवी फाटकाच्या कडीला अडकवायची आणि फोन करून सांगायचं. फोटो नाहीत. एकही नाही. आमच्या जवळच्या एका गटाने रेशन घेणाऱ्यांचे फोटो टाकले, आणि दुसऱ्या महिन्यात निम्म्या लोकांनी पिशवी घेतली नाही.

पिशवी देताना धर्म विचारू नका. चाळीतला झारखंडचा मजूर आपल्या समूहात नसतो, पण तो आपल्या गल्लीत असतो.

पैशाचा हिशेब दोघांच्या सहीने ठेवा आणि महिनाअखेर एका पानावर लिहून फादरांकडे द्या.

सहावी पायरी: घरात आजार शिरला तर

समूहाकडे दोन ऑक्सिमीटर आणि दोन थर्मामीटर असू द्या. आमचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचे, सोबत स्पिरिटचा कापूस आणि वापरायची रीत लिहिलेला कागद. बोट गार असेल तर चोळून गरम करा. नखाला पॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, दुसरं बोट घ्या. हात टेबलावर ठेवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. कोव्हिडमध्ये आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवायचं, असा ठोकताळा होता. पुढची साथ श्वासाचीच असेल असं नाही, तेव्हा त्या वेळचे नियम डॉक्टरांकडूनच घ्या. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

त्या घराला वाळीत टाकू देऊ नका. लोक बोलत नाहीत, पण पाण्याचा नळ सोडून दुसऱ्या वाटेने जायला लागतात. समूहप्रमुखाने रोज ठरलेल्या वेळी फाटकाबाहेर अंतर ठेवून उभं राहून हाक मारली, की बाकीच्यांची भीती हळूहळू कमी होते.

लसीबद्दल शंका निघतील, श्रद्धेच्या नावानेही निघतील. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने २१ डिसेंबर २०२० च्या टिपणीत कोव्हिडच्या लसी नैतिकदृष्ट्या स्वीकार्य असल्याचं सांगितलं होतं, आणि पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये स्वतः लस घेतली. एवढं सांगा, वाद घालू नका. उलट ज्यांना नोंदणी जमत नाही त्यांची नोंदणी करून द्या. वाडीतल्या मुलांनी कोविन पोर्टलवर पहाटे जागून म्हाताऱ्यांसाठी वेळा मिळवल्या होत्या.

सातवी पायरी: दार उघडल्यावर

इथे मी थोडक्यात सांगते, कारण धर्मग्रामाची समिती हे पाहते. केंद्राच्या जून २०२० च्या नियमांत सामूहिक गाणं नको, पवित्र पाणी शिंपडायचं नाही, ६५ वर्षांवरच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच राहावं, असं होतं. मग समूहांच्या पाळ्या लावाव्या लागतात, आणि इथे तुमची वही कामी येते. दाराशी तीर्थाचं भांडं कोरडं ठेवा. दानाची पिशवी फिरवू नका, पेटी दारात ठेवा. गाणाऱ्यांना वाईट वाटतं, त्यांच्याशी आधी बोला. एक गायक, तोही लांब उभा. सगळ्या खिडक्या उघडा. बाक पुसण्यापेक्षा हवा खेळती ठेवण्याला जास्त महत्त्व आहे, हे आम्हाला उशिरा कळलं. सॅनिटायझर लावलेला हात लगेच मेणबत्तीकडे नेऊ देऊ नका, त्यातलं अल्कोहोल पेट घेतं.

२०२० च्या नाताळात रात्री अकरापासून संचारबंदी होती, म्हणून मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी झाली. असे बदल महिनाभर आधी घरोघरी सांगा. वयस्कर माणसांना सणाच्या दिवसापेक्षा मधल्या वारी, कमी गर्दीत आणलेलं बरं.

आठवी पायरी: मरण

याच्यासाठी तयारी कुणीच करत नाही, आणि सगळ्यात खोल जखम इथेच होते.

आमच्या समूहातले एक काका एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयात गेले. घरून निघताना ते चालत गाडीत बसले होते. सहाव्या दिवशी रात्री फोन आला. सकाळी दफनभूमीत आम्ही चौघं, फादर आणि पालिकेची माणसं. काकूंना घरीच विलगीकरणात ठेवलेलं, म्हणून मी व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. हातमोज्याने स्क्रीन दाबली जात नव्हती, दोनदा कॉल तुटला. फादर प्रार्थना म्हणत होते आणि फोनमध्ये फक्त वाऱ्याचा आवाज जात होता. नंतर काकू म्हणाल्या, "तोंड तरी दाखवायचं होतं गं." तोंड दाखवता येत होतं. मला ते माहीत नव्हतं.

म्हणून हे नीट वाचा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं होतं, की कर्मचाऱ्यांनी योग्य खबरदारी घेऊन पिशवीची चेन चेहऱ्यापाशी उघडावी आणि नातलगांना शेवटचं दर्शन घेऊ द्यावं. धर्मग्रंथातलं वाचन, पवित्र पाणी शिंपडणं, देहाला स्पर्श न करता होणारे विधी, या सगळ्याला मुभा होती. आंघोळ घालणं, चुंबन घेणं, मिठी मारणं एवढंच मना होतं. गोंधळात पुष्कळ ठिकाणी हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. पुढच्या साथीत अशी सूचना निघाली, की त्याच दिवशी तिची छापील प्रत काढा, दोन घरांत ठेवा, आणि रुग्णालयात जाताना सोबत न्या. आवाज न चढवता ती ओळ दाखवा.

दफनाला विरोध होऊ शकतो. चेन्नईत एप्रिल २०२० मध्ये डॉ. सायमन हर्क्युलिस यांचा देह नेणाऱ्या रुग्णवाहिकेवर जमावाने हल्ला केला होता. ते मेंदूचे शल्यविशारद होते. इकडे वांद्र्यातल्या दफनभूमीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २२ मे २०२० ला न्यायालयाने सांगितलं, की मृतदेहातून कोव्हिड पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, दफन रोखता येणार नाही. दफनभूमीशेजारच्या वस्तीशी वेळ येण्याआधी बोलून ठेवा. फादर, नगरसेवक आणि त्या वस्तीतला एक जाणता माणूस, तिघांनी मिळून जायचं. खड्डा खणणाऱ्यांना संरक्षक कपडे आणि नेहमीपेक्षा जास्त मजुरी द्या.

दहनाची वेळ आली तर घरच्यांना दिलासा द्या. चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिलेली आहे. रक्षा विखुरायची नाही आणि घरात ठेवायची नाही, दफनभूमीत आदराने ठेवायची, हे २०१६ च्या सूचनेत आहे. आणि धर्मगुरू वेळेवर पोचू शकले नाहीत, तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, झालं नाही, हे शल्य ज्यांना टोचतं त्यांना सांगा: रोमच्या प्रायश्चित्त न्यायपीठाच्या २० मार्च २०२० च्या आदेशात म्हटलं होतं, की ज्या माणसाने आयुष्यभर थोडीफार प्रार्थना केली आहे, त्याला मरणसमयी संस्कार मिळू शकला नाही तरी चर्च त्याच्यासाठी देवाच्या दयेची याचना करतं आणि पापदंडाची, म्हणजे पापांबद्दल भोगायच्या शिक्षेची, पूर्ण माफी देतं. काकूंना मी हे दोन महिन्यांनी सांगितलं. लगेच सांगायला हवं होतं.

अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. बाकीच्यांनी काय करायचं, तेही ठरवून द्या. आम्ही नंतर अशी पद्धत पाडली, की देह वाडीवरून जाताना प्रत्येकाने आपल्या फाटकात मेणबत्ती घेऊन उभं राहायचं. गाडीवाल्याला आधी सांगून ठेवायचं, म्हणजे तो वाडीतून हळू जातो. तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी कुणी फोन करायचा ते वहीत लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळेच करतात. तिसाव्या दिवशी घर रिकामं असतं.

उरलेलं काम

साथ ओसरल्यावर लोकांना ते दिवस विसरायची घाई होते. तेव्हाच वही पुन्हा उघडा. ज्यांच्या अंत्यविधीची मिस्सा चौघांत झाली, ज्यांची महिन्याची मिस्सा झालीच नाही, अशी सगळी नावं काढा आणि फादरांकडे जाऊन त्यांच्यासाठी एक दिवस मागा. २०२० मध्ये मृतांच्या दिवशी दफनभूमीत गर्दी नको म्हणून व्हॅटिकनने दोन नोव्हेंबरची, मृतांसाठी पापदंडमाफी मिळवायची सवलत पूर्ण महिनाभर वाढवली होती. त्या वर्षी नोव्हेंबरातली कुठलीही संध्याकाळ चालत होती.

आमच्या वाडीची सात नावं होती. वाचणाऱ्याला आम्ही सांगितलं होतं, की एक नाव झालं की थांब, घरचं माणूस उठून मेणबत्ती लावून जागेवर बसेपर्यंत दुसरं वाचू नकोस. काकू उठल्या तेव्हा वारा होता. तीन काड्या विझल्या. वाचणारा मुलगा चौथी काडी पेटेपर्यंत तसाच थांबला होता.